‘स्वतःच्या मर्जीने नेले’: कुणाची मर्जी?

दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये पेशंट चार वाटांनी बाहेर पडतो. बरा होऊन घरी गेला, दुसऱ्या दवाखान्यात पाठवला, मरण पावला, किंवा ‘लामा’. या चौथ्या शब्दाचा अर्थ असा की डॉक्टरांचा सल्ला न मानता नातेवाइकांनी पेशंटला स्वतःच्या मर्जीने नेलं. महाराष्ट्रात यालाच बहुतेक ठिकाणी ‘डामा’ म्हणतात. लखनौत राहायला आल्यापासून ‘मरीज लामा हो गया’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते रोजच्या बोलण्यातलं वाटतं. एका छापील कागदावर नातेवाईक सही करतो, नाहीतर अंगठा उठवतो, आणि पुढे जे होईल त्याची जबाबदारी दवाखान्यावरून उतरून त्याच्या डोक्यावर येते.

मला या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. मेंदूच्या गंभीर आजारात हा शब्द बहुतेक वेळा खोटा असतो. मर्जी नसतेच. पैसे संपलेले असतात, खाट मिळालेली नसते, किंवा पेशंट वाचू शकतो हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. जात जशी पाणवठ्यावर होती, शाळेच्या पटावर होती, तशी ती या एका शब्दाच्या आड लपून बसली आहे, असं माझं मत आहे.

याला आधार आहे. २०२२ मध्ये ‘पीएनएएस’ या संशोधन पत्रिकेत एक अभ्यास आला. उत्तर प्रदेशासह नऊ राज्यांतल्या सरकारी पाहणीची आकडेवारी त्यात तपासली होती. सवर्ण हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून जास्त आणि दलितांचं तीन वर्षांहून जास्त कमी निघालं. गरिबी हिशेबात धरली तरी हा फरक पूर्ण भरून निघत नव्हता. म्हणजे ‘हा जातीचा नाही, गरिबीचा प्रश्न आहे’ हे नेहमीचं उत्तर इथे पुरत नाही.

बोलू न शकणारा पेशंट

मेंदूचे आजारच का घ्यायचे, असं कुणी विचारेल. कारण सोपं आहे. हाड मोडलेला माणूस ओरडू शकतो, पोट दुखणारा माणूस भांडू शकतो. मेंदूज्वराने बेशुद्ध झालेला, लकव्याने वाचा गेलेला, घशात नळी घातलेला माणूस काहीच बोलू शकत नाही. त्याच्या वतीने नातेवाईक बोलतो. त्या नातेवाइकाला कोणती भाषा येते, त्याच्या अंगावर कसले कपडे आहेत, त्याचं आडनाव काय, त्याच्या फोनमध्ये कुणाचा नंबर आहे, यावर त्या पेशंटचा आवाज किती मोठा हे ठरतं. डॉक्टर प्रामाणिक असला तरी हे घडतं. शंभर पेशंट आणि दोन निवासी डॉक्टर असतील तेव्हा ज्याला प्रश्न विचारता येतो त्याच्याकडे आधी लक्ष जातं.

दुसरं कारण वेळेचं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून लकवा झाला, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. मेंदूच्या आवरणाचा टीबी शुद्धीत असताना ओळखला आणि औषध सुरू झालं तर बहुतेक पेशंट वाचतात. बेशुद्धीत पोचल्यावर उपचार सुरू झाले तर निम्म्याच्या आसपास दगावतात, आणि जे वाचतात त्यांतल्या अनेकांना कायमचं अपंगत्व येतं. औषध तेच, दवाखाना तोच, डॉक्टरही तेच. फरक फक्त पेशंट कोणत्या दिवशी पोचला याचा.

आता लखनौचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मेंदूच्या गंभीर आजारासाठी गोरगरिबांना ठाऊक असलेली मोठी ठिकाणं दोन-तीनच. चौक भागातलं जुनं किंग जॉर्ज मेडिकल विद्यापीठ, रायबरेली रस्त्यावरची १९८३ मध्ये स्थापन झालेली संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे पीजीआय, आणि गोमतीनगरातली लोहिया संस्था. इथे बहराइच, श्रावस्ती, गोंडा, बलरामपूर, सिद्धार्थनगरहून माणसं येतात. बहराइच सव्वाशे किलोमीटरवर आहे, पण पेशंट तिथून सरळ लखनौला येत नाही. आधी गावातला झोलाछाप डॉक्टर सलाइन लावतो. मग तालुक्याचं आरोग्य केंद्र, मग जिल्हा रुग्णालय, मग एखादं खासगी नर्सिंग होम, जिथे बायकोचे दागिने आणि शेळ्या संपतात. लखनौच्या दारात पोचेपर्यंत आठवडा गेलेला असतो. मग डॉक्टर म्हणतात, ‘बहुत देर कर दी.’ उशीर कुणी केला?

पीजीआयमधल्या डॉ. उषाकांत मिश्रा आणि डॉ. जयंती कालिता यांनी मेंदूचा टीबी, मेंदूज्वर, लकवा यांवर कित्येक दशकं संशोधन केलं आहे. असं काम जगभर वाचलं जातं आणि त्याचं मोल मोठं आहे. पण कोणत्याही मोठ्या दवाखान्यातून निघणारा ‘निकाल’ हा तिथवर पोचलेल्यांचा निकाल असतो. जे वाटेत राहिले ते कुठल्याच तक्त्यात नसतात. जे ‘लामा’ झाले त्यांचं पुढे काय झालं, हेही सहसा कुणाला कळत नाही.

डुक्कर, धानाचं शेत आणि स्वस्त गोळी

पूर्व उत्तर प्रदेशातल्या मेंदूज्वराची कहाणी प्रत्येक बहुजन पदवीधराला माहीत असायला हवी. १९७८ मध्ये गोरखपूर भागात जपानी मेंदूज्वराची पहिली मोठी साथ आली. तिथे तिला ‘दिमागी बुखार’ म्हणतात. त्यानंतर दरवर्षी पावसाळ्यात मुलं मरत राहिली. २००५ च्या साथीत हजाराहून जास्त मुलं गेली आणि देशाचं लक्ष गेलं. मुलांना लस टोचण्याची मोठी मोहीम सुरू झाली २००६ मध्ये. पहिल्या साथीपासून अठ्ठावीस वर्षांनी. मधल्या काळात लस अस्तित्वातच नव्हती असं नाही. जपानमध्ये ती कित्येक वर्षं वापरात होती, आपल्याकडे कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत ती थोड्या प्रमाणात बनतही होती. मरणारी मुलं भूमिहीन मजुरांची, छोट्या शेतकऱ्यांची, दलितांची, मागासांची, गरीब मुसलमानांची होती. ती मुलं राजधानीतल्या बंगल्यांतली असती तर अठ्ठावीस वर्षं लागली असती का, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.

या आजाराचा विषाणू पाणथळीतले पक्षी आणि डुकरं यांच्यात वाढतो, आणि धानाच्या शेतात साचलेल्या पाण्यात पैदा होणारे क्युलेक्स डास तो माणसापर्यंत आणतात. म्हणजे साखळीत तीन कड्या आहेत: पक्षी आणि डुक्कर, डास, धानाचं शेत. पण साथ आली की बोट जातं ते डुकरांकडे, म्हणजे डुकरं पाळणाऱ्या दलित वस्त्यांकडे. त्यांची डुकरं हलवा, त्यांची वस्ती घाण आहे, असं म्हणायला कुणाचीच जीभ अडखळत नाही. धानाचं शेत ज्याच्या मालकीचं आहे त्याला मात्र कुणी दोष देत नाही. विषाणूला जात नसते, पण साथीचा दोष वाटताना जात बरोबर सापडते.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. लसीकरणानंतरही मुलं मरत होती, आणि कारण कळत नव्हतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसह अनेक संस्थांच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या तपासण्यांतून २०१५ नंतर स्पष्ट होत गेलं की यातल्या निम्म्याहून जास्त मुलांना स्क्रब टायफस होता. झुडपांत, गवतात राहणाऱ्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा हा ताप. तो सुरुवातीला डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन अशा साध्या, स्वस्त गोळ्यांनी आटोक्यात येतो. गोळी वेळेवर मिळाली नाही की ताप मेंदूत जातो आणि मुलाला व्हेंटिलेटर लागतो. गावच्या केंद्रावर काही रुपयांत होणारं काम शहरातल्या अतिदक्षता विभागात लाखांत जातं, आणि तरी मूल हाती लागेलच असं नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये गोरखपूरच्या बीआरडी मेडिकल कॉलेजात पुरवठादाराचे पैसे थकले आणि ऑक्सिजनचा पुरवठा खंडित झाला. त्या काही दिवसांत तिथे साठहून जास्त मुलांचा मृत्यू झाला. ऑक्सिजनअभावी मृत्यू झाले नाहीत अशी सरकारची भूमिका राहिली. त्या काळात धावपळ करणारे डॉ. कफील खान तुरुंगात गेले. नंतरच्या खात्यांतर्गत चौकशीत त्यांच्यावरचा निष्काळजीपणाचा आरोप सिद्ध झाला नाही, तरी २०२१ मध्ये त्यांना बडतर्फ केलं गेलं.

त्यानंतर काय बदललं तेही सांगायला हवं. २०१८ पासून ‘दस्तक’ मोहिमेत आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊ लागल्या, तापाच्या मुलांना गावाजवळच्या केंद्रात आणलं जाऊ लागलं, तिथे उपचाराची सोय झाली, लसीकरण वाढलं. सरकारी आकड्यांनुसार मृत्यू खूप घटले. यातून आपल्या मुद्द्याला बळच मिळतं. निकाल सुधारला तो गावात वेळेवर उपचार पोचल्यामुळे. जे चार-पाच वर्षांत जमलं ते आधीची चाळीस वर्षं जमत नव्हतं असं नाही, करायचं नव्हतं.

खाटेभोवतीचा बाजार

आता पेशंट लखनौला पोचला आहे असं धरू. पहिला प्रश्न व्हेंटिलेटरचा. मोठ्या सरकारी दवाखान्यांत व्हेंटिलेटर रिकामा नसेल तर घशात नळी घालून त्याला अंबू बॅग जोडतात. रबरी फुगाच तो. मिनिटाला बारा-पंधरा वेळा, रात्रंदिवस दाबावा लागतो. दाबतो कोण? नातेवाईक. बाप थकला की भाऊ, भाऊ थकला की मेहुणा. डुलकी लागली तर पेशंटचा श्वास थांबतो. देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत हे दृश्य आहे. ज्या घरात चार पुरुष मजुरी सोडून आले आहेत तिथे आठवडाभर चूलही बंद असते.

दुसरा प्रश्न पैशांचा. पीजीआय सरकारी असली तरी तिथे बहुतेक उपचारांचे पैसे आधी जमा करावे लागतात. आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, पण कार्ड हवं. यादी प्रामुख्याने २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून बनली. तिच्यात नाव नसलेले, नावात काना-मात्रा चुकलेले, लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले, शहरात मजुरीला गेलेले कितीतरी आहेत. कार्ड नसेल तर मुख्यमंत्र्यांच्या विवेकाधीन कोषाची वाट उरते. त्यासाठी दवाखान्याकडून खर्चाचं अंदाजपत्रक आणायचं आणि सहसा आमदार-खासदाराचं पत्र जोडायचं. म्हणजे बेशुद्ध माणसाच्या उपचारासाठी आधी कुणाच्या तरी वाड्यावर जाऊन हात जोडायचे. ज्यांच्या जातीचा आमदार आहे त्यांना ते दार लवकर उघडतं, हे उत्तर प्रदेशात कुणाला सांगावं लागत नाही.

तिसरा प्रश्न माहितीचा, आणि मला तो सगळ्यांत गंभीर वाटतो. गिया-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, घ्या. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत दूषित पाण्यामुळे याची साथ आली तेव्हा मराठी वाचकांना हे नाव पाठ झालं. दोनशेच्या आसपास पेशंट झाले. पेपर भरले, मंत्री आले, उपचारांसाठीच्या सरकारी योजनेतली रक्कम वाढवली गेली. हे झालं ते योग्यच झालं.

या आजारात हातपाय लुळे पडतात, श्वासाचे स्नायूही दुबळे होतात, पण माणूस पूर्ण शुद्धीत असतो. आयव्हीआयजी हे इंजेक्शन पाच दिवस द्यावं लागतं आणि मोठ्या माणसाचा खर्च लाखांच्या घरात जातो. रक्तातला प्लाझ्मा बदलण्याची दुसरी पद्धत तितकीच गुणकारी असते आणि बहुधा स्वस्त पडते. महत्त्वाचं हे की पेशंटला काही आठवडे नीट जगवलं तर दहापैकी साधारण आठ जण सहा महिन्यांत आपल्या पायांवर चालू लागतात.

आता कल्पना करा. व्हेंटिलेटरवरच्या जीबीएसच्या पेशंटच्या बापाला घाईत कुणी एवढंच सांगितलं, ‘हालत गंभीर है, लंबा चलेगा, खर्चा बहुत है.’ त्याला वाटतं, पोरगा गेल्यात जमा आहे. घर विकून उपयोग नाही. तो अंगठा उठवतो. रजिस्टरमध्ये ‘लामा’ लागतं. जो मुलगा सहा महिन्यांनी चालला असता तो टेम्पोत वारतो. यात कुणी शिवी दिली नाही, कुणी जात विचारली नाही. फक्त पाच मिनिटं बसून त्याच्या भाषेत सांगितलं नाही.

सांगणारे कोण आहेत याचाही संबंध आहे. दिल्लीच्या एम्समधल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीवर प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. वेगळं पाडणं, टोमणे, परीक्षेतला दुजाभाव, सगळं त्यात आहे. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवीला आपण गमावलं. जी व्यवस्था आपल्याच डॉक्टर मुलीला पचवू शकत नाही, ती खाटेशेजारी उभ्या असलेल्या अंगठेबहाद्दर बापाशी बरोबरीने बोलेल ही अपेक्षा कशी करायची?

सन्मानाने मरण्याचा हक्क कुणाचा?

या देशाने मेंदूच्या आजारी माणसाच्या मरणावर फार गंभीर चर्चा केली आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अत्याचार झाला, मेंदूला इजा झाली. १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून जास्त काळ, त्या त्याच रुग्णालयात होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना असं सांभाळलं की इतकी वर्षं अंथरुणावर असून त्यांना शय्याव्रण झाले नाहीत, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली. त्यांच्या खटल्यात २०११ मध्ये, मग २०१८ मध्ये आणि २०२३ मध्ये न्यायालयाने नियम आखले. जीवरक्षक उपचार काढायचे असतील तर आधी एका वैद्यकीय मंडळाने तपासावं, मग दुसऱ्या मंडळाने तपासावं, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं. एका जिवाचा प्रश्न आहे, म्हणून इतकी काळजी. ती असायलाच हवी.

आणि दुसऱ्या बाजूला रोज किती नळ्या निघतात? दोन मंडळं सोडा, एक मंडळही बसत नाही. बापाचा खिसा हेच मंडळ. घरी नेण्याच्या नावाखाली काढलेला व्हेंटिलेटर हा उपचार काढून घेण्याचाच प्रकार आहे, पण कायदा त्याकडे पाहत नाही, कारण कागदावर ‘मर्जी’ लिहिलेली आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्या मरणाला कायदा पहारा देतो. ज्याच्याकडे नाहीत त्याच्या मरणाला एक छापील फॉर्म पुरतो. अरुणा शानबागना मिळालेली निगा अपवाद का ठरावी, नियम का नसावी, हा खरा प्रश्न होता. तो बाजूला राहिला.

न्यायालयाने आपल्या बाजूने काहीच दिलं नाही असंही नाही. पश्चिम बंगालमधले शेतमजूर संघटनेचे सदस्य हकीम शेख १९९२ मध्ये रेल्वेतून पडले, डोक्याला मार लागून मेंदूत रक्तस्राव झाला. कोलकात्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. शेवटी खासगी रुग्णालयात पैसे भरून उपचार झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: वेळेवर तातडीचे उपचार न देणं हा अनुच्छेद २१ चा भंग आहे, आणि तिजोरीत पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही. मेंदूला मार लागलेल्या एका मजुराने आणि त्याच्या संघटनेने मिळवलेला हा निकाल आहे. तो आपल्या किती पदवीधरांना माहीत आहे?

डिस्चार्जनंतरचं आयुष्य

मेंदूच्या आजाराचा निकाल ‘वाचला’ या शब्दावर संपत नाही. १८८८ मध्ये महात्मा फुल्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. हातात पैसा नव्हता, मित्रांना मदतीसाठी शब्द टाकावे लागले. घरी सावित्रीबाई होत्या. जोतिरावांनी डाव्या हाताने लिहून ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केलं. ते त्यांच्या पश्चात १८९१ मध्ये छापलं गेलं. आपल्या चळवळीचा एक पायाभूत ग्रंथ लकव्यातून सावरणाऱ्या माणसाने लिहिलेला आहे. ओळखीचे डॉक्टर, सेवा करणारी सोबतीण, धावून येणारे मित्र, इतकं भोवती होतं म्हणून ती दोन वर्षं फुकट गेली नाहीत.

आज त्या जागी काय आहे? आयुष्मान योजनेत दवाखान्यातून सोडल्यानंतरचे पंधरा दिवस धरलेले आहेत. मेंदूच्या टीबीचं औषध वर्षभर चालतं. लकव्याच्या पेशंटला महिनोन्‌महिने व्यायाम लागतो, बोलणं परत शिकावं लागतं. मेंदूज्वरातून वाचलेल्या मुलाला फिट येतात, शाळा सुटते. फिजिओथेरपी जिल्ह्याच्या ठिकाणी, रोजचं गाडीभाडं पदरचं. अपंगत्वाचा २०१६ चा कायदा चांगला आहे, पण बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळवायला पुन्हा त्याच रांगा. आणि नळीने अन्न भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं हे काम घरातल्या बाईच्या वाट्याला येतं. तिची मजुरी बुडते किंवा थोरल्या मुलीची शाळा सुटते. हा निकाल कोणत्या तक्त्यात लिहायचा?

नाव आणि हुकूम

लखनौच्या जुन्या मेडिकल कॉलेजशी मराठी माणसाचं एक नातं आहे. १९०५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, पुढे पंचम जॉर्ज झालेला तोच राजपुत्र. मायावतींच्या सरकारने २००२ मध्ये त्याला विद्यापीठाचा दर्जा देताना छत्रपती शाहूजी महाराजांचं नाव दिलं. पुढच्या सरकारने ते काढलं, २००७ मध्ये ते परत आलं, २०१२ मध्ये पुन्हा गेलं. स्वतंत्र भारतात इंग्रज राजाचं नाव चालतं, पण आरक्षण देणाऱ्या राजाचं नाव चालत नाही, याचा राग मला आहेच.

पण शाहू महाराजांनी नुसतं नाव दिलं नव्हतं, हुकूम काढले होते. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी फर्मावलं की अस्पृश्यांना दवाखान्यात, शाळेत, सरकारी नोकरीत समतेने आणि ममतेने वागवायचं. ज्या अधिकाऱ्याला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनाम्याची नोटीस द्यावी, त्याला पेन्शन मिळणार नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लखनौपासून जवळच, कानपूरला, कुर्मी समाजाने त्यांना ‘राजर्षी’ ही पदवी दिली. नावाची लढाई लढूच, पण त्या हुकुमाची लढाई आधी लढायला हवी.

त्या धर्तीवर आजच्या मागण्या काय असाव्यात? ‘लामा’च्या फॉर्मवर कारण लिहिणं बंधनकारक करा: पैसे संपले, खाट नाही, नीट माहिती मिळाली नाही, की खरोखरच इच्छा नाही. व्हेंटिलेटरवरचा पेशंट नेला जात असेल तर वरिष्ठ डॉक्टर आणि समाजसेवा अधीक्षकांनी नातेवाइकांच्या भाषेत बोलल्याची नोंद हवी. अशा पेशंटची महिन्याने चौकशी व्हावी आणि त्यांची संख्या सामाजिक गटांनुसार दरवर्षी जाहीर व्हावी. मोजलं जात नाही तोवर ते घडतच नाही असं म्हणायची सोय राहते. आणि स्वस्त गोळ्या, लस, तपासणी तालुक्याच्या खाली पोचली पाहिजे.

आपण, घरातले पहिले पदवीधर, यात कुठे आहोत? गावाकडून फोन आपल्यालाच येतो. ‘तू शिकलेला आहेस, जरा डॉक्टरांशी बोल.’ आपण मेडिकलचे नसतो, तरी आपण त्या बेशुद्ध माणसाचा आवाज असतो. तेव्हा चार प्रश्न विचारा. आजाराचं नाव काय? उपचार मिळाले तर बरं होण्याची शक्यता किती? अंदाजे किती दिवस? याच उपचाराला स्वस्त पर्याय आहे का? केस पेपरची प्रत मागा. नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेली रुग्ण हक्कांची सनद फोनमध्ये ठेवा. समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात ते विचारा, आयुष्मान मित्राला गाठा. घरच्या सगळ्यांची कार्डं आजच काढून ठेवा, आजारपणात नव्हे. आणि कुणी ‘मर्जीने नेतो’ असा छापील फॉर्म पुढे केला, तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरांत खरं कारण लिहा. ‘पैसे संपले म्हणून नेत आहोत.’ ‘व्हेंटिलेटर मिळाला नाही म्हणून नेत आहोत.’

एका ओळीने पेशंट वाचणार नाही, हे मला कळतं. पण अशा हजार फॉर्मवर हजार खरी कारणं लिहिली गेली, माहिती अधिकारात ती मागवली गेली, तर दवाखान्याच्या आणि सरकारच्या हिशेबात जो रकाना आज कोरा आहे तो भरायला लागेल. आपल्या आईवडिलांना अंगठा उठवावा लागला, कारण त्यांच्या हातात पाटी-पेन्सिल येऊ दिली नव्हती. आपल्या हातात पेन आहे.